गोल सह्या

अर्ज तसा बरा लिहिला होता. शाळेत असताना भाच्याचं मराठी यथातथाच होतं, पण या वेळी प्रत्येक वाक्य तोलूनमापून लिहिलेलं दिसत होतं. प्रति, विषय, महोदय, सगळं जागच्या जागी. तो औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट आहे. न केलेल्या चाचण्या केल्या म्हणून नोंदवायच्या, मागच्या तारखा टाकायच्या, नापास झालेला नमुना पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचा आणि शेवटचा आकडा तेवढा ठेवायचा, असं तिथे चालतं. ते त्याने दोन पानांत मांडलं होतं आणि वेलांट्या-उकार बघायला माझ्याकडे आणलं होतं. मी एक-दोन ऱ्हस्वाचे दीर्घ केले. ‘नोंदी करण्यात येतात’ असं बऱ्याच ठिकाणी होतं, तिथे पेन्सिलीने खूण करून विचारलं, “करण्यात येतात म्हणजे कोण करतं?” तो म्हणाला, “आम्हीच की. मीपण करतो.” मग पान उलटून अगदी तळाशी, ‘आपला विश्वासू’च्या खाली सोडलेल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, “आत्या, इथे सही करायलाच हवी का?”

हा मुलगा दिवसभर सह्याच करत असतो. वजनकाट्याच्या वहीत सही, तापमानाच्या तक्त्यावर सही, ‘केले’ या रकान्यात एकाची, ‘तपासले’ या रकान्यात दुसऱ्याची. औषधाच्या धंद्यात ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं मानतात, त्यामुळे प्रत्येक कागदाखाली कोणाचं तरी नाव आणि तारीख लागते. त्यातल्या काही सह्या खोट्या आहेत हे त्याला माहीत होतं आणि त्या करताना त्याला कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या मजकुराखाली नाव लिहायची वेळ आली, तेव्हा तो आत्याकडे आला. मी उत्तर दिलं नाही. पोहे करायला उठले. कढईत मोहरी तडतडत असताना मला त्याच्याऐवजी दादाचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, चेहरा दिसत होता.

माझी नोकरी सरकारी बँकेतली. दरवर्षी ऑक्टोबर संपता संपता, सरदार पटेलांची जयंती ज्या आठवड्यात येते तेव्हा, सतर्कता जागरूकता सप्ताह असायचा. शाखा उघडायच्या आधी आम्ही काउंटरपुढे ओळीत उभे राहून उजवा हात पुढे करायचो, मॅनेजर प्रतिज्ञा वाचायचे, आम्ही मागून म्हणायचो. मग बटाटेवडा आणि चहा. निबंधस्पर्धेत एकदा मला स्टीलचा डबा मिळाला होता, तो अजून आहे. नंतरच्या वर्षांत त्या सप्ताहात एक पोस्टर यायला लागलं, पीआयडीपीआयचं, म्हणजे जनहितासाठी गैरव्यवहार उघड करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सरकारी योजनेचं. केंद्र सरकारच्या खात्यांतला, सार्वजनिक कंपन्यांतला, आमच्यासारख्या बँकांतला गैरव्यवहार कळवायचा असेल आणि आपलं नाव गुप्त राहावं असं वाटत असेल तर काय करायचं, याच्या सूचना त्यावर होत्या. तक्रार बंद पाकिटातून दिल्लीला केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांकडे पाठवायची. पाकिटावर अमुक योजनेखालची तक्रार असं लिहायचं, पण पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. नाव आत, पत्रात. पाठवणाऱ्याच्या नावापत्त्यासाठी पोस्टातल्या माणसाने अडून बसायचं नाही. आयोग ओळख झाकून तक्रार पुढे पाठवणार. आणि तुम्हाला पोच मिळणार नाही, पुढचा पत्रव्यवहारही करायचा नाही. ज्या बाईचं आयुष्य पोच देण्याघेण्यात गेलं, तिला पोचेशिवाय कागद हातचा सोडणं ही कल्पनाच अंगावर आली. आमच्या शाखेतून असं पाकीट कधी कोणी पाठवलं का, मला माहीत नाही. पाठवलं असलं तरी मला कळू नये, अशीच ती सोय आहे म्हणा.

मात्र पत्राच्या आत नाव हवंच. निनावी किंवा खोट्या नावाची तक्रार आली तर तिच्यावर कारवाई करायची नाही, हा सरकारी दप्तराचा फार जुना शिरस्ता. त्यामागचं कारण मला पटतंही. निनावी अर्ज मी पाहिलेत. बढतीच्या यादीत ज्याचं नाव वर असेल त्याच्याविरुद्ध बरोबर त्याच महिन्यात येणारे. एकाच टंकलेखन यंत्राचा तुटका ‘र’ सगळ्यांत सारखा. अशा अर्जांनी चांगल्या माणसांची वर्षं खाल्ली आहेत. म्हणून सरकार म्हणतं, नाव लिही. आणि माणूस म्हणतो, नाव लिहिलं तर मी मेलो. दोघंही खरं बोलतात.

सत्येंद्र दुबे यांनी नाव लिहिलं होतं. कानपूर आयआयटीतून स्थापत्य अभियंता झालेला हा तरुण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होता आणि सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या झारखंडमधल्या कोडरमाकडच्या टप्प्यावर काम करत होता. कामातला गैरव्यवहार त्याने २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला. आपली ओळख उघड होऊ नये अशी विनंती पत्रात होती आणि स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडलेली होती. पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं, आणि त्याबरोबर तो कागदही गेला. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याला गोळी घातली. तपासयंत्रणेने त्याला लुटीतला खून म्हटलं, २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. घरच्यांना ते कधी पटलं नाही. मला त्या प्रकरणातली राहून राहून आठवणारी गोष्ट म्हणजे ती टाचणी. ज्या कोणी कारकुनाने दोन्ही कागद एकत्र टाचून पुढे सरकवले असतील, त्याने आपलं काम चोखच केलं होतं. सहपत्रं जोडल्याशिवाय फाइल पुढे जाऊ द्यायची नाही, हे मलाही पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

पीआयडीपीआयचा ठराव त्या खुनानंतर, सर्वोच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरल्यावर आला. एप्रिल २००४.

पुढे जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्या माणसांच्या, संरक्षणासाठी खास कायदा झाला. २०१४ च्या मे महिन्यात राष्ट्रपतींची सहीही झाली. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत, असं सगळं त्यात आहे. फक्त तो कोणत्या तारखेपासून लागू ही अधिसूचना सरकारने काढायची होती, ती काढलेलीच नाही. २०१५ मध्ये दुरुस्तीचं विधेयक आणलं, लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत पडून राहिलं, विरलं. राजस्थानातल्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये बालविवाह रोखण्याचं सरकारी काम केल्याबद्दल अत्याचार झाला. त्यातून कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालाचे दंडक आले आणि त्यांचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं, त्याला आपण उशीर म्हणतो. पण तो निदान लागू तरी झाला. दहा माणसं कामाला असलेल्या ऑफिसात आज अंतर्गत समिती लागते, बाहेरची सदस्य लागते, नव्वद दिवसांत चौकशी पुरी करावी लागते. जागल्यांचा कायदा मात्र छापील पुस्तकात आहे आणि जागल्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. अर्थात लागू झाला असता तरी माझ्या भाच्याला तो लागला नसता. तो सरकारी बाबूंच्या गैरव्यवहाराबद्दल आहे. खाजगी कंपनीतल्या माणसासाठी कंपनी कायद्यात एक तरतूद आहे, कंपनीतच गैरव्यवहार कळवायची सोय, जिला व्हिजिल मेकॅनिझम म्हणतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, लोकांच्या ठेवी घेणाऱ्या कंपन्या, बँकांचं पन्नास कोटींहून जास्त कर्ज असलेल्या कंपन्या यांनी ती ठेवायची. भाच्याची कंपनी यातल्या कशातच बसत नाही. आहे तो भरवसा अन्न व औषध प्रशासनावर.

तर दादाचा चेहरा. त्यासाठी मला नाशिकच्या सातपूरला जावं लागेल.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या पॉवर प्रेस. संध्याकाळी ते घरात आले की त्यांच्याआधी तेलाचा वास यायचा, तो आईने कितीही साबण लावला तरी शर्टाच्या कॉलरमधून जायचा नाही. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे दोन्ही हात बटणांवर, डायमध्ये कोणताच नाही. साधी, शहाणी रचना. पण एका हाताने माल सरकवत दुसऱ्याने बटण दाबलं तर तासाला जास्त नग निघतात. म्हणून एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. इन्स्पेक्टर येणार असला की पट्ट्या निघायच्या, गेला की लागायच्या. बाबांच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची तीन बोटं गेली, तेव्हा मी शाळेत होते. बाबा त्याला घेऊन ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात गेले आणि रात्री उशिरा आले. जेवले नाहीत. हात धूत राहिले.

त्यानंतर कामगारांनी मॅनेजरला एक अर्ज दिला. पट्ट्या काढा, गार्ड बसवा, एवढीच मागणी. पहिली सही कोणी करायची यावर दोन दिवस गेले, कारण पहिला तो पुढारी, आणि पुढारी तो पहिला बाहेर. शेवटी एका जुन्या फिटरने युक्ती काढली. मजकूर कागदाच्या मधोमध लिहायचा आणि सह्या त्याच्याभोवती गोल करायच्या. वर्तुळाला सुरुवात नसते. आमच्या घरी, जमिनीवर, तो कागद फिरवत फिरवत माणसांनी सह्या केल्या. दारात चपलांचा ढीग, आतल्या खोलीत आई पुन्हा पुन्हा चहा टाकत होती. मला तो कागद फार सुंदर वाटला होता. सगळ्या कामगारांमध्ये अक्षर चांगलं एकट्या बाबांचं, म्हणून मजकूर त्यांनी लिहिला होता. वळणदार, टपोरं, बालबोध.

मॅनेजरने सह्या बघितल्याच नाहीत, अक्षर बघितलं.

अर्जावर काही झालं नाही, तेव्हा तीच तक्रार कारखाने निरीक्षकांकडे गेली. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात बऱ्याच गोष्टी आल्या होत्या. भोपाळच्या त्या कारखान्यातले कामगार १९८२ पासून ओरडत होते, राजकुमार केसवानी नावाचे पत्रकार आपल्या छोट्या साप्ताहिकातून लिहीत होते, आणि कोणी ऐकलं नव्हतं. त्या पापाची आठवण म्हणून की काय, दुरुस्तीत असं आलं की धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यात जिवाला धोका दिसला तर कामगाराला तसं सांगण्याचा हक्क आहे. आणखी एक कलम आलं, जे मला आजही कौतुकाचं वाटतं: निरीक्षकाने तक्रार कोणाकडून आली हे गुप्त ठेवायचं, इतकंच नव्हे, तक्रारीवरून आलो आहे हेसुद्धा कारखान्यात सांगायचं नाही. ज्याने हे लिहिलं त्याने कारखाना आतून पाहिला असणार. निरीक्षक आले, त्यांनी कलम तंतोतंत पाळलं, अवाक्षर काढलं नाही. फक्त गेटमधून आत आल्यावर कँटीन, संडास, प्रथमोपचाराची पेटी, यातलं काहीही न बघता ते सरळ प्रेस शॉपमध्ये गेले आणि बटणांपाशी वाकले. संपलं. गुप्ततेचं कलम हजार माणसांच्या कारखान्यात चालतं. जिथे त्या मशीनवर काम करणारे मोजून चारजण, तिथे तक्रारीचा विषय हीच सही असते.

बाबांना दोषारोपपत्र मिळालं ते वेगळ्याच कशाकशाचं. न सांगता गैरहजर, यंत्र निष्काळजीपणे हाताळणं, कामाच्या वेळेत जागा सोडून जाणं. जागा सोडून गेले होते ते बोटं तुटलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला. मग सस्पेन्शन. पहिले नव्वद दिवस निम्मा पगार, पुढे पाऊण, कायद्याप्रमाणे. आई साड्यांना फॉल-बिडिंग करायला लागली, घरभर धाग्यांचे तुकडे. चौकशी कारखान्यातच, ऑफिसमागच्या एका खोलीत व्हायची. चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलेला, साक्षीदार कंपनीचेच, बाबांच्या बाजूने बोलायला एक सहकारी, ज्याला प्रत्येक तारखेनंतर वाईट शिफ्ट मिळायची. लाल बावट्याच्या युनियनने वकील दिले आणि त्यांनी कामगार न्यायालयात यूएलपी टाकली, म्हणजे अनुचित कामगार प्रथांच्या १९७१ च्या आपल्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली तक्रार. त्या कायद्याची चौथी अनुसूची मी पुढे बँकेत लागल्यावर कधीतरी नीट वाचली आणि थक्क झाले. सूडबुद्धीने कामावरून काढणं. खोट्या पुराव्याने फौजदारी प्रकरणात गोवणं. विनापरवाना गैरहजेरीचा बनावट आरोप. नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून, घाईघाईने उरकलेली चौकशी. व्यवस्थापनाच्या धोरणाचं नाव पुढे करून कुहेतूने केलेली बदली. माणसाला वर्षानुवर्षं बदली कामगार (दुसऱ्याच्या जागी तात्पुरता घेतलेला) किंवा हंगामी म्हणूनच ठेवणं. कायद्याची भाषा म्हणजे कोरडी असं आपण समजतो, पण ही यादी वाचताना मला आमच्या घरातल्या त्या गोल बसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत होते. कोणीतरी त्यांचं ऐकून, त्यांना कसकसं छळतात ते एकेक करून उतरवून घेतलं होतं.

बाबा जिंकले, हे सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत जिंकणारी माणसं फार भेटत नाहीत. ते परत कामावर गेले, मागचा पगार काही भाग मिळाला. पण त्यांना प्रेसवर घेतलं नाही. गेटजवळ एक स्टूल दिलं आणि बसून राहायला सांगितलं. काम नाही, हजेरी आहे, पगार आहे. डबा खायला शेजारी कोणी बसेना. बसलं तर वरून दिसतं. जो माणूस त्या गोल कागदावर सही करायला आमच्या घरी जेवून गेला होता, तो गेटमधून आत जाताना घड्याळात बघायचा. न्यायालयाने नोकरी परत दिली होती आणि ती तिथेच होती, स्टुलावर. बाबांनी ते कित्येक महिने काढले, कुरकुर न करता. वर्तमानपत्र न्यायला मनाई होती म्हणून ते मनातल्या मनात तुकोबांचे अभंग म्हणत बसायचे, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. सांगताना हसले होते. पट्ट्या मात्र निघाल्या त्या निघाल्याच. हेही त्यांनी हसतच सांगितलं.

ही कथा मी अशी सांगते. दादा अशी सांगत नाही. त्याच्या कथेत गोल कागद नाही, अभंग नाहीत. त्याच्या कथेत तो बारावीला आहे, त्याला इंजिनिअरिंगला जायचं आहे, मार्कही आहेत, आणि घरात निम्मा पगार येतो. तो आयटीआयला टर्नर झाला. पुढे अंबडला एक जुना लेथ घेऊन जॉबवर्क सुरू केलं, आज त्याच्याकडे दोन-तीन मुलं कामाला आहेत, आणि मोठ्या कंपन्यांकडून पेमेंट निघता निघत नाही म्हणून तो रोज कोणाला ना कोणाला फोनवर विनवत असतो. बाबांबद्दल तो वाईट बोलत नाही. एकदाच म्हणाला होता, “सही त्यांनी केली, कोरा कागद माझा गेला.” मी तेव्हा त्याच्याशी भांडले होते. मला शिकायला मिळालं, कारण माझी पाळी येईपर्यंत केस संपली होती. नुसता जन्मवर्षाचा फरक. निर्वाह भत्त्याचं कलम आहे, मागच्या पगाराचं आहे, घरातल्या थोरल्या मुलाचं कुठल्याच कायद्यात नाही.

मनमाडच्या शाखेत असताना मी आणखी एक गोष्ट बघितली. पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो, टँकरच्या रांगा, रस्त्याकडेचे ढाबे. टँकरमधून तेल काढतात, भेसळ होते, हे शाखेतल्या शिपायापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, चहाच्या टपरीवर लोक त्यातले भावसुद्धा सांगायचे. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तिथून जाताना थांबले आणि जे सगळ्यांना ठाऊक होतं ते त्यांनी पंचनाम्यात आणायचं ठरवलं. त्यांना दिवसाढवळ्या जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. बँकेत आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. त्याआधी २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला मंजुनाथ षण्मुगम हा इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी भेसळीचा पंप तपासायला गेला आणि मारला गेला, तेव्हा ते दूरचं वाटलं होतं. सोनवणे आपल्या जिल्ह्यात काम करत होते. तेव्हापासून मला ‘गुपित फोडणं’ या शब्दांचं काही खरं वाटत नाही. फोडण्यासारखं गुपित बहुधा नसतंच. सगळं सगळ्यांना माहीत असतं. कोणीतरी ते कागदावर घेतो, तारीख टाकतो, एवढंच.

पोहे झाल्यावर मी भाच्याला दिनेश ठाकूर यांची गोष्ट सांगितली, कारण ती त्याच्याच क्षेत्रातली. रॅनबॅक्सीत मोठ्या हुद्द्यावर असलेले ठाकूर. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून त्यांनी कंपनीच्या औषधांची चाचण्यांची माहिती तपासली आणि त्यातली कितीतरी बनावट निघाली. २००५ मध्ये नोकरी सोडून त्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ईमेल लिहिले. सुरुवातीला स्वतःच्या नावाने नाही, दुसऱ्याच नावाने. तिथल्या माणसांनी ते टोपलीत टाकले नाहीत. उत्तर दिलं, विश्वास येईपर्यंत विचारत राहिले, आणि मग ठाकूर आपल्या नावाने उभे राहिले. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, पन्नास कोटी डॉलर भरले, आणि ठाकुरांना त्यातले चार कोटी ऐंशी लाखांहून अधिक मिळाले, तेही लिंकनच्या काळातल्या, १८६३ च्या एका कायद्याखाली. भाचा आकडा ऐकून शिट्टी वाजवेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, “आणि इथे तक्रार केली असती तर?” मी म्हटलं, पोहे गार होतील. आपल्याकडे सेबीने २०१९ पासून शेअर बाजारातल्या आतल्या गोटाच्या व्यवहारांची खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवलंय, नाव झाकायची सोयही केलीय. बाजारातल्या पैशाला खबऱ्या मिळाला. औषधाच्या गोळीला अजून नाही.

त्या रात्री त्याने सही केली नाही. मीही कर म्हटलं नाही. कर म्हणण्याचा हक्क मला होता का, हे मला कळेना. दादाने मला फोन करून आधीच सांगून ठेवलं होतं, “तू त्याच्या डोक्यात काही भरू नकोस.” मी भरलं नाही, पण काढूनही घेतलं नाही. एवढंच सांगितलं की आपण रोज काय केलं, कोणी काय सांगितलं, ते घरी एका वहीत तारखेसह लिहीत जा, कंपनीचे कागद घरी आणू नकोस. पंधरा दिवसांनी त्याने तोच मजकूर इंग्रजीत करून क्वालिटीच्या मुख्य साहेबांना ईमेल केला. ईमेलला सही लागत नाही, असं त्याने मला नंतर समजावलं. नाव आपोआपच जातं. महिन्याच्या आत ऑर्डर आली: व्यवसायाच्या निकडीमुळे आपली बदली आसामातल्या डेपोत करण्यात येत आहे. करण्यात येत आहे. केमिस्टचं डेपोत काय काम, हे ऑर्डरमध्ये नव्हतं.

दादाचा फोन रात्री आला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तो म्हणाला, “ते यूएलपीचे नव्वद दिवस कुठून मोजतात गं?” मी म्हटलं, ऑर्डरच्या तारखेपासूनच धर, एक दिवस वाया घालवू नकोस. हे सगळं श्रमसंहिता लागू होण्याआधीचं, २०२५ च्या नोव्हेंबरच्या आधीचं. तेव्हा जुनेच कायदे आणि जुनीच कलमं होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वकिलांकडे गेलो. बाबांचे वकील केव्हाच गेले, हे तरुण होते. त्यांनी ऑर्डर वाचली आणि म्हणाले, कंपनी पहिल्यांदा काय म्हणणार, तर हा कामगारच नाही. एक्झिक्युटिव्ह आहे. पण कोर्ट हुद्दा बघत नाही, माणूस प्रत्यक्ष काय करतो ते बघतं. तर सांगा, हा दिवसभर काय करतो? भाचा बोलायच्या आत दादाच सुरू झाला. आठला पंच करतो. ब्युरेट धुतो. वजन करतो, द्रावण बनवतो, मशीनला लावतो, आलेख निघेपर्यंत उभा असतो. त्याच्या हाताखाली कोणी नाही. रजा त्याला मागावी लागते, तो कोणाला देत नाही. बाटल्या फुटल्या तर त्याच्याच पगारातून. मी दादाकडे बघत राहिले. पोराच्या डोक्यात काही भरू नकोस म्हणणाऱ्या या माणसाला पोराच्या नोकरीचा तासन्‌तास पाठ होता.

वकील लिहून घेत होते. म्हणाले, स्थगिती मागू, मिळेल न मिळेल. पण तो कामगार आहे की नाही यावरच दोन वर्षं जातील, तयारी ठेवा. आणि हा रुजू झाला नाही तर गैरहजेरीचा मेमो येईल, तो आला की लगेच उत्तर द्यायचं. दादा म्हणाला, तोपर्यंत मी त्याला माझ्याकडे लेथवर घेतो. वकिलांनी पेन थांबवलं. “घ्या. पण उद्या मागचा पगार मागताना कोर्ट विचारेल, मधल्या काळात कुठे काम करत होतास का. ते सांगावं लागेल, आणि तेवढी रक्कम कमी होऊ शकते.”

“सांगू की,” दादा म्हणाला. “त्यात काय लपवायचंय?”